भक्तांनी थकवलेलं झाड

रॉबिन हूड या झाडाच्या ढोलीत लपायचा, असं नॉटिंगहॅमशायरमधलं शेंबडं पोरही सांगेल. हिशेब मात्र जुळत नाही. शेरवुडच्या जंगलातला हा ‘मेजर ओक’ आठशे ते हजार वर्षांचा असावा, असं जाणकार मानतात. रॉबिनच्या गोष्टी आपण सिनेमात पाहतो त्या राजा रिचर्ड आणि त्याचा भाऊ जॉन यांच्या काळातल्या, म्हणजे ११९० च्या आगेमागे घडणाऱ्या. झाडाचं वय आठशे धरलं तर तेव्हा ते रुजलंही नव्हतं. हजार धरलं तर ते दीड-पावणेदोनशे वर्षांचं, ऐन भरातलं झाड होतं, आणि त्या वयाचा ओक सहसा आतून भरीव असतो. ढोलीच नाही तर लपणार कुठे?

हे तिथल्या लोकांना ठाऊक नाही असं अजिबात नाही. ते हसतात आणि पुढे गोष्ट सांगतात. आपल्याकडे पांडव एका रात्रीत लेणी खोदून जातात, त्याला कुणी पुरावा मागत नाही. तसाच हा व्यवहार. मेजर ओकचं वारसा म्हणून जे काही मोल आहे त्यातलं बरंचसं माणसांनी नंतर आणून ठेवलेलं आहे. लष्करातून निवृत्त झालेल्या एका हौशी संशोधकाने, एका कादंबरीकाराने, रेल्वेने, सिनेमाने. झाड आपलं उभं होतं. आणि ज्यांनी त्याला जीव लावला, त्यांच्यामुळेच ते थकत गेलं. मला या झाडाच्या गोष्टीत सगळ्यात जास्त रस वाटतो तो इथे.

एडविन्स्टो गावाच्या कडेला पक्षीसंवर्धन करणाऱ्या ‘आरएसपीबी’ या संस्थेचं माहितीकेंद्र आहे. २०१८ पासून या राखीव जंगलाची देखभाल तीच संस्था पाहते. तिथून पायवाट निघते. आधी भूर्जाची पांढरट सालीची, सडपातळ झाडं, मग अधूनमधून ओक. काही ओक इतके वेडेवाकडे की त्यांना झाड म्हणावं की शिल्प, असा प्रश्न पडतो. अर्धी साल गेलेली, शेंडा वाळून हरणाच्या शिंगांसारखा वर आलेला, आणि खाली कुठे तरी कमरेच्या उंचीवर हिरवीगार फांदी. पाचशे वर्षं ओलांडलेले असे शेकडो ओक या जंगलात आहेत. मेजर ओक त्यांच्यातला सगळ्यात देखणा असेलच असं नाही, पण आकाराने तो भलताच आहे. खोडाचा घेर साधारण साडेदहा मीटर. सहा-सात माणसांनी हात पसरून साखळी केली तरच तो कवेत यावा. फांद्यांचा पसारा अठ्ठावीस मीटर. वजनाचा अंदाज तेवीस टन. झाड मोकळ्यावर वाढलं असल्याने ते उंच जाण्यापेक्षा आडवं पसरलं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या नजरेत मात्र झाडाआधी टेकू भरतात. जमिनीतून तिरपे-उभे वर गेलेले पोलादी खांब, प्रत्येकाच्या टोकाला फांदी झेलणारी खोबण. भोवती कुंपण. कुंपणाबाहेर शाळेच्या सहलीतली पोरं, डोक्यावर पीस खोवलेली हिरवी टोपी आणि हातात प्लॅस्टिकचं धनुष्य. बापमंडळी मोबाइल आडवा-उभा करून झाड चौकटीत बसवायच्या खटपटीत. ते बसत नाही.

‘मेजर’ हे नाव आकारावरून आलेलं नाही. हेमन रूक नावाचे एक निवृत्त मेजर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या मॅन्सफील्ड वुडहाउसला राहत. सैन्यातून सुटल्यावर माणूस शेतीत किंवा शिकारीत रमतो. हे गृहस्थ जुन्या वस्तूंत रमले. १७८६ मध्ये त्यांनी गावाजवळ रोमन काळातल्या एका वाड्याचे अवशेष खोदून काढले. रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवल्या आणि त्या छापल्याही. आणि झाडं पाहत हिंडले. १७९० मध्ये त्यांनी वेलबेकच्या उद्यानातल्या आणि परिसरातल्या थोर ओकवृक्षांची वर्णनं आणि रेखाटनं असलेलं पुस्तक काढलं. त्यानंतर लोक या झाडाला मेजरसाहेबांचा ओक म्हणू लागले. त्याआधीचं नाव होतं ‘कॉकपेन’. झुंजीचे कोंबडे याच्या ढोलीत कोंडून ठेवत. रॉबिन हूडपेक्षा ही गोष्ट मला जास्त खरी आणि जास्त जिवंत वाटते, पण तिच्यावर टोपी विकता येत नाही.

रूक यांनी नोंदवलेली एक गोष्ट तर फारच विलक्षण आहे. शेरवुडच्या बर्कलँड्स आणि बिल्हॉ या भागांत ओक तोडले जात होते. करवतीखाली खोड फाकलं की आत, लाकडाच्या थरांमध्ये, अक्षरं आणि मुकुटाची चिन्हं निघत. कुठल्या तरी राजाच्या अमदानीत अधिकाऱ्याने साल काढून झाडावर शिक्का मारलेला असायचा. पुढे दरवर्षी नवं लाकूड वर चढत गेलं आणि शिक्का आत गाडला गेला. एका झाडात सालीपासून सुमारे दीड फूट आत राजा जॉनचं चिन्ह सापडलं. जॉन ११९९ ते १२१६ या काळात गादीवर होता. म्हणजे त्याच्या काळातल्या चिन्हावर जवळजवळ सहाशे वर्षांचं लाकूड चढलं होतं. शेरवुड हे राजाचं राखीव जंगल. एके काळी नॉटिंगहॅमशायरचा पाचवा हिस्सा त्यात मोडत होता. तिथलं हरीण राजाचं, हरणाला आसरा देणारं झाड राजाचं आणि त्याखाली पडलेल्या काटक्यांवरही नियम. रॉबिन हूडच्या गोष्टींना खतपाणी मिळालं ते या नियमांतून. गरिबाने राजाचं हरीण मारणं यात जी मजा आहे, ती जंगलाचा कायदा जाचक असल्याशिवाय येत नाही.

रॉबिनचा पहिला उल्लेख सापडतो १३७७ च्या सुमाराच्या एका इंग्रजी काव्यात, तोही ओझरता. जुन्या पोवाड्यांमध्ये तो पुष्कळदा शेरवुडमध्ये नसतोच. तो असतो उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या बार्न्सडेलला. यॉर्कशायरकरांनी हा दावा अजून सोडलेला नाही. २००५ मध्ये डॉनकास्टरजवळ नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा त्यांनी त्यालाच रॉबिन हूडचं नाव देऊन टाकलं आणि नॉटिंगहॅमकर चिडले. शिवनेरी कुणाची यावरून जुन्नरकरांना कुणी डिवचावं तसं. आज आपल्या मनात बसलेला रॉबिन हा मुख्यतः सर वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’नंतरचा, ती कादंबरी निघाली १८१९ च्या अखेरीस. व्हिक्टोरियन काळात ती घरोघरी वाचली गेली, लोक घोडागाड्या करून जंगल पाहायला आले, शतकाच्या शेवटी एडविन्स्टोला रेल्वे आली, आणि पाहुण्यांना दाखवायला एक झाड लागत होतं. सगळ्यात मोठं, पोकळ, माणूस आत उभा राहील असं. मेजर ओक नेमका बसला. गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये रॉबिन आणि त्याची प्रेयसी मॅरियन यांचं लग्न लागलं, हेही मग ओघाने आलंच.

या प्रकरणातली गंमत सिनेमात आहे. एरल फ्लिनचा १९३८ चा रॉबिन हूड ज्यांनी पाहिला, त्यांना त्यातलं शेरवुड आठवत असेल. ते कॅलिफोर्नियात, चिको गावच्या बिडवेल पार्कमध्ये चित्रित झालं. सिनेमातलं मोठं झाड म्हणजे तिथला ‘हूकर ओक’. हे नाव १८८७ मध्ये ठेवलं गेलं ते जोसेफ डाल्टन हूकर यांच्यावरून. हे हूकर आपल्या ओळखीचे. सिक्कीम-नेपाळच्या हिमालयात हिंडून त्यांनी वनस्पती गोळा केल्या, आणि ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा जो ग्रंथ महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या चाळला, त्याचे ते कर्ते. तर हा हूकर ओक हजार वर्षांचा, असं गावाने ठरवून टाकलं होतं. १ मे १९७७ ला तो कोसळला. तेव्हा कळलं की ते एक झाड नव्हतंच. शेजारी-शेजारी वाढून एकजीव झालेली दोन झाडं होती आणि त्यांचं वय सव्वातीनशेच्या आसपास होतं.

मेजर ओकबद्दलही असाच एक तर्क आहे की दोन-तीन रोपं जुळून हे खोड झालं असावं. दुसरा तर्क असा की पूर्वी कधी तरी याचा शेंडा छाटला गेला आणि म्हणून ते इतकं ठेंगणं आणि रुंद झालं. वर्तुळं मोजून निकाल लावावा तर मधलं लाकूडच उरलेलं नाही. घेरावरून वय काढण्याची गणितं आहेत, पण झाड तरुणपणी भरभर वाढतं आणि म्हातारपणी रखडतं, शिवाय मातीगणिक वेग बदलतो. म्हणून उत्तर आठशे ते हजार असं सैल येतं. मला ते सैलच राहिलेलं बरं वाटतं.

असे थोराड ओक इंग्लंडमध्येच इतके का, याचा शोध लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानाशी संबंधित वनस्पतिशास्त्रज्ञ आल्योस फार्यन यांनी घेतला. २०१७ च्या त्यांच्या पुस्तकातला निष्कर्ष असा की नऊ मीटरहून जास्त घेराचे ओक एकट्या इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक आहेत आणि उरलेल्या सगळ्या युरोपातले मिळूनही तितके भरत नाहीत. कारण देशप्रेम वगैरे नव्हे, शिकार. नॉर्मन राजे आणि सरदारांनी हरणांसाठी कुंपण घातलेली उद्यानं राखली. तिथे गवत हवं, सावली हवी, ओकाची फळं हवीत. लाकडाची घाई नको. जर्मनी-फ्रान्समध्ये पुढे शास्त्रीय वनीकरण आलं आणि ‘उत्पादन थांबलेली’ म्हातारी झाडं काढून सरळसोट नवी लावली गेली. इंग्लंडमध्ये एखाद्या उमरावाच्या हवेलीमागे तीच म्हातारी झाडं हरणं-मेंढरांसोबत पडून राहिली. इतिहासाच्या आळशीपणाचे असे काही फायदे असतात.

आता ढोलीबद्दल. पोकळ झाड म्हणजे आजारी झाड, हा समज आपल्याकडेही आहे आणि तिथेही होता. ओकच्या बाबतीत तो चुकीचा आहे. झाडाचं जिवंत लाकूड असतं बाहेरच्या थरात. पाणी वर चढतं, अन्न खाली येतं ते सालीलगत. मधला गाभा मेलेला असतो. जुन्या ओकमध्ये ठरावीक जातीच्या बुरश्या या गाभ्यावर जगतात. त्यातली एक खोडावर लालसर मांसाच्या तुकड्यासारखी उगवते आणि तोडली तर लालसर रस सोडते. दशकानुदशकं त्या गाभा पोखरतात. त्यातून जे खत तयार होतं, ते कधी कधी झाड स्वतःच पोकळीत मुळं सोडून पिऊन घेतं. पोकळ नळी भरीव दांड्याइतकी वाऱ्याला तोंड देऊ शकते, हे कुठल्याही इंजिनिअरला विचारा. शिवाय म्हातारा ओक आपला पसारा आवरतो. वरच्या फांद्या वाळू देतो आणि खाली नवा, आटोपशीर घेर धरतो. हरणाच्या शिंगांसारखे ते वाळके शेंडे मरणाची खूण असतीलच असं नाही. कित्येकदा झाडाने खर्च कमी केलेला असतो.

आणि त्या ढोलीत वस्ती केवढी! ब्रिटनमधल्या ओकवर दोन हजार तीनशेच्या आसपास जातींचे जीव कुठल्या ना कुठल्या रीतीने अवलंबून आहेत, आणि त्यातल्या ३२६ जातींना ओकवाचून दुसरं घरच नाही. भुंगेरे, कोळी, दगडफुलं, वटवाघळं. यातल्या पुष्कळांना तरुण ओक चालत नाही. त्यांना कुजलेला गाभाच लागतो. म्हणजे आज लावलेलं रोप त्यांच्या उपयोगाला यायला तीन-चारशे वर्षं आहेत.

मेजर ओकच्या बाबतीत माणसांनी काय काय केलं ते ऐकावं. आधी कोंबडे कोंडले. मग पाहुणे ढोलीत शिरून फोटो काढू लागले. व्हिक्टोरियन काळातल्या छायाचित्रांत टोप्या घातलेले सद्गृहस्थ खोडाच्या फटीतून बाहेर बघताना दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जड फांद्या तुटू नयेत म्हणून साखळ्या आणि पट्टे आले. मग लाकडी टेकू, मग पोलादी. प्रत्येक पिढीने त्या काळच्या उत्तम सल्ल्याने, खिशातले पैसे घालून, मनापासून हे केलं. यात कुणालाही खलनायक ठरवता येत नाही, आणि म्हणूनच हे सांगायला अवघड जातं.

कारण टेकू लावला की फांदी आवरायची थांबते. मोडली असती ती मोडत नाही. झाडाला ज्या पसाऱ्याचं ओझं टाकून द्यायचं होतं, तो पसारा पोसत राहावा लागतो. आज असं झाड नव्याने सापडलं तर बहुतेक वृक्षतज्ज्ञ टेकू न लावण्याचा सल्ला देतील. पण आता काढता येतात का? शंभर वर्षं आधारावर विसावलेल्या फांदीने आपलं वजन पेलण्यापुरतं लाकूड घातलेलंच नसतं. आधार काढला तर ती येईल खाली, आणि येताना खोड फाडून येईल.

टेकू निदान दिसतात. न दिसणारं नुकसान पावलांनी केलं. ओकची मुळं खोलवर पाताळात गेलेली असतात, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांच्याभोवती बुरशीच्या धाग्यांचं जाळं असतं; ते झाडाला पाणी आणि क्षार आणून देतं, बदल्यात साखर घेतं. या सगळ्याला मातीत हवा लागते. लाखो पावलांनी माती ठेचली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, पावसाचं पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं आणि खालचं जाळं गुदमरतं. वर पानं असतात. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. १९७० च्या दशकात कुंपण घातलं गेलं तोवर ढोलीशी शिवाशिवी खेळून पिढ्या मोठ्या झाल्या होत्या. आणि एकदा दबलेली माती कुंपण घातल्याने फुलून वर येत नाही. मग दाबाच्या हवेने मातीचे थर मोकळे करायचे, मुळांना धक्का न लावता. पालापाचोळा कुजू द्यायचा. आणि वाट पाहायची. त्यात हवामान. जुलै २०२२ मध्ये शेजारच्याच लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. आपल्याला त्या आकड्याचं काही वाटणार नाही. पण त्याआधी ब्रिटनमध्ये चाळिशी कधी ओलांडली गेली नव्हती, आणि थंड-ओल्या हवेत वाढलेल्या झाडाने हे पहिल्यांदाच पाहिलं.

प्रेमाने झाड मरतं याचं इंग्लंडमध्ये एक जुनं उदाहरण आहे. ३ सप्टेंबर १६५१ ला वूस्टरच्या लढाईत क्रॉमवेलच्या सैन्याने इंग्लंडच्या गादीवर दावा सांगणाऱ्या तरुण चार्ल्सचा पराभव केला. तो पळाला आणि ६ सप्टेंबरचा दिवस त्याने बॉस्कोबेलच्या एका ओकच्या दाट शेंड्यात बसून काढला. खाली सैनिक शोधत फिरत होते. सोबतच्या कर्नलच्या मांडीवर डोकं ठेवून त्याने झोपही काढली म्हणतात. १६६० मध्ये तो राजा होऊन परतला आणि त्याने ही हकीकत सगळ्यांना रंगवून सांगितली. झालं! लोक झाडाकडे लोटले. कुणी फांदी नेली, कुणी सालीचा तुकडा. काही दशकांतच झाड संपलं. आज तिथे दाखवतात तो त्याचा वंशज मानला जातो. इंग्लंडभर शेकडो दारूच्या गुत्त्यांवर ‘रॉयल ओक’ ही पाटी आहे आणि मूळ ओक नाही.

वेलबेकच्या ग्रीनडेल ओकची तऱ्हा आणखी न्यारी. १७२४ मध्ये त्याच्या खोडातून कमान कापून रस्ता काढला गेला, म्हणे एका पैजेखातर, गाडी आरपार न्यायची म्हणून. निघालेल्या लाकडाचं ऑक्सफर्डच्या काउंटेससाठी कपाट बनलं. झाड त्यानंतरही पुष्कळ वर्षं हिरवं राहिलं. आपली मानहानी झाडं मनावर घेत नसावीत.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातला ‘ट्रीटी ओक’ हा सुमारे पाचशे वर्षांचा. मूळ रहिवासी ज्या झाडांखाली सभा भरवत, त्यातला हा शेवटचा उरलेला अशी त्याची ख्याती. १९३७ मध्ये शहराने ती जागा विकत घेतली. १९८९ मध्ये त्याच्या बुंध्याशी कुणी तरी तणनाशक ओतल्याचं लक्षात आलं. शंभर झाडं मरावीत इतकं. शहर हादरलं. लोकांनी झाडाला ‘लवकर बरा हो’ अशी पत्रं लिहिली, बुंध्याशी चिकन सूपचे डबे आणून ठेवले. उद्योगपती रॉस पेरो यांनी उपचाराचा खर्च उचलला. विषारी माती उपसली, झाडावर सावलीचे पडदे ताणले, झऱ्याचं पाणी तुषारांनी फवारलं. झाडाचा साधारण एक तृतीयांश भाग वाचला आणि १९९७ मध्ये त्याला पुन्हा फळं आली. विष घालणाऱ्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्याचा हेतू खटल्यात जो पुढे आला तो असा की एका स्त्रीवरचं आपलं एकतर्फी प्रेम मरावं म्हणून त्याने हा तोडगा केला होता. झाड मरेल तसं प्रेम मरेल. माणसं जादूटोण्यासाठी तरी साधं झाड का निवडत नाहीत? कारण वारशाचं झाडच त्या कामाला पुरेसं मोठं वाटतं.

कायद्याचं बोलायचं तर इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांच्या घराला जे संरक्षण मिळतं ते पाचशे वर्षांच्या झाडाला आपोआप मिळत नाही. स्थानिक परिषदेने त्या झाडापुरता संरक्षणाचा हुकूम काढावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर लंडनच्या एनफील्डमध्ये, व्हाइटवेब्ज पार्कच्या कडेला, सुमारे पाचशे वर्षांचा ओक एका रेस्टॉरंट-साखळीने धोकादायक ठरवून छाटून टाकला. परिषदेचा हुकूम निघाला तो त्यानंतर. पोकळ म्हणजे धोकादायक, वाळकी फांदी म्हणजे मेलेलं झाड, हे समीकरण किती महाग पडतं ते तिथे दिसलं.

महाराष्ट्र या बाबतीत कागदावर पुढे आहे. शहरी भागातल्या झाडांसाठीचा १९७५ चा आपला कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ असा दर्जा मिळाला. असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. साठ वर्षांच्या चिंचेला साठ रोपं. ओकच्या ढोलीतल्या भुंगेऱ्यांचा हिशेब आठवला तर ही भरपाई किती पोकळ आहे ते कळतं, पण निदान झाडाचं वय हा सरकारी रकाना झाला. मात्र आपलं नडतं ते दुसरीकडे. झाड तोडलं की आपण आरडाओरडा करतो. झाडाभोवती पार बांधला की टाळ्या वाजवतो. पूर्वीचा पार दगड-मातीचा, सांध्यांतून पाणी मुरू देणारा. आता आमदारनिधीतून सिमेंटचा गोल ओटा होतो, वर चकचकीत फरशी, बुंध्याला विळखा घालून पुतळ्याचा चौथरा, आणि पारावर देणगीदाराचं नाव. वडाला निदान पारंब्या असतात. सांभाळायला तो स्वतःचे खांब स्वतः उभे करतो. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीचा वड असाच पारंब्यांवर एकरांनी पसरला आहे. तिथेही पारंबी जमिनीला टेकायला माती लागते. फरशीला टेकलेली पारंबी वाळते.

वारकऱ्यांना आळंदीच्या अजानवृक्षाची कथा ठाऊक आहे. समाधीतल्या ज्ञानोबांच्या गळ्याला झाडाचं मूळ लागलं. माउलींनी एकनाथांच्या स्वप्नात जाऊन ते सोडवायला सांगितलं. त्या कथेत मुळाचा फास माणसाला बसतो. आपल्या पारांवर आणि शेरवुडच्या पायवाटेवर फास उलटा आहे.

मेजर ओकची पोरंबाळं पुष्कळ आहेत. २००३ मध्ये डॉर्सेटमध्ये त्याच्या फळांपासून वाढवलेल्या २६० रोपांची लागवड सुरू झाली. त्यांची पालवी, वाढ आणि आनुवंशिक ओळख ताडून पाहण्यासाठी. त्याच्या आदल्या वर्षी कुणी तरी त्याची फळं इंटरनेटवरच्या लिलावात चोरून विकायलाही काढली होती. २०१४ मध्ये इंग्लंडच्या ‘वर्षातील झाड’ स्पर्धेत तो पहिला आला आणि पुढच्या वर्षी युरोपच्या स्पर्धेत उतरला. तिथे मात्र बाजी मारली एस्टोनियातल्या एका ओकने. तो चक्क फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध उभा आहे; सोव्हिएत काळात मैदान वाढवताना त्याला ट्रॅक्टरने उपटायचा प्रयत्न झाला, उपटला गेला नाही, म्हणून खेळाडू त्याला वळसा घालून खेळतात.

एडविन्स्टोचं पोट पूर्वी झाडावर अवलंबून नव्हतं. गावाशेजारी थोरसबीची कोळसाखाण होती; नॉटिंगहॅमशायरमधली ती शेवटची. जुलै २०१५ मध्ये ती बंद झाली. बाप खाणीत आणि पोरगा माहितीकेंद्राच्या कॅफेत, अशी एका पिढीत झालेली उलथापालथ त्या भागात पाहायला मिळते. दर उन्हाळ्यात रॉबिन हूडचा उत्सव भरतो, तंबू लागतात, तिरंदाजी होते. त्यामुळे झाडाजवळ जाऊ नका, हे सांगणं गावाला सोपं नाही. झाडच दुकान चालवतं.

तरी प्राचीन वृक्षांसाठी ब्रिटनमधला अधिकृत सल्ला स्पष्ट आहे. खोडाच्या व्यासाच्या पंधरा पट अंतर, किंवा फांद्यांच्या टोकापासून पुढे पाच मीटर, यातलं जे जास्त असेल तितकी जमीन मोकळी सोडा. साडेदहा मीटर घेर म्हणजे व्यास सुमारे तीन मीटर चौतीस. पंधरा पट म्हणजे पन्नास मीटर, झाडाच्या सगळ्या बाजूंनी. आजचं कुंपण त्याहून बरंच आत आहे. ते बाहेर सरकवायचं म्हटलं तर वाट वळवावी लागेल, बाकडी हलवावी लागतील, आणि अर्धा दिवस प्रवास करून आलेल्या माणसाला झाड लांबून बघा म्हणावं लागेल. पन्नास मीटरवरून फोटोत टोपीवाला पोरगा आणि अख्खं झाड दोन्ही नीट मावतात, हे पहिल्यांदा तिथल्या दुकानदारांना पटवायला हवं.